गुरुवारची पोस्ट आणि तस्नीमच्या दोन ओळी

सुरुवातीलाच सांगून टाकतो: हे एका मत्सरी माणसाने लिहिलेलं आहे. संपादकांनी 'तुमच्या नेट कॅफेच्या आठवणी लिहा, जरा गमतीजमती लिहा' असं कळवलं होतं. गमती आहेत, त्या येतीलच. पण रत्नागिरीत मी जो धंदा केला, त्यात मला खरा लळा लागला तो कॅफेचा नव्हे, ब्लॉगचा. आणि ब्लॉगने मला दिलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट म्हणजे हेवा. वाचक आले आणि गेले. हेवा अजून आहे आणि त्याची तब्येत उत्तम आहे.

१९९८ साली माझा टायपिंगचा क्लास होता, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. बारा यंत्रं, बारा स्टुलं आणि सकाळपासून खडखडाट. त्या वर्षी मी एक कॉम्प्युटर आणला, पुढे त्याला फोनची तार जोडली आणि दाराबाहेर 'इंटरनेट' अशी पाटी लावली. पहिल्या महिन्यात पाटीचा अर्थ विचारायला जेवढी माणसं आली तेवढी इंटरनेट वापरायला आली नाहीत. संगमेश्वराकडचे एक गृहस्थ जिना चढून वर आले, कॉम्प्युटरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ह्याच्यात मुंबयचा माणूस दिसतो म्हनतात, तो कुठनं दिसतो?" मी म्हटलं, माणूस दिसत नाही, त्याचं पत्र दिसतं. "मग पोस्टमन काय वाईट होता?" असं विचारून ते उतरून गेले. त्याचं उत्तर मला आजही नीट देता येणार नाही.

खरं गिऱ्हाईक आलं ते खाडीपलीकडच्या गावांतून. तिथल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी आखातात. कोणी कुवेतला क्रेनवर, कोणी दुबईला हॉटेलात, कोणी जहाजावर. त्यांच्या बायका, आया, बहिणी होडीने खाडी ओलांडून एसटीने गावात यायच्या आणि मला मजकूर सांगायच्या. त्या बोलायच्या, मी रोमन लिपीत मराठी टाइप करायचो. एक बाई मेल पाठवून झाल्यावर म्हणायच्या, "आता पुसून टाका." पाठवलेलं पत्र पडद्यावर दिसत राहिलं तर पुढचं गिऱ्हाईक वाचेल ही त्यांची भीती. मी पडदा बंद करून दाखवायचो, तेव्हा कुठे त्या उठायच्या.

या कामात एक पद्धत मी शिकलो, ती इथे सांगायलाच हवी. घरात कोणी वारलं की माझ्याकडून दोन मेल लिहून घेतले जायचे. पहिला आखातातल्या मुलाला: 'अब्बांना बरं नाही, ॲडमिट केलंय, काळजी करू नको.' दुसरा त्याच्या खोलीतल्या भरवशाच्या माणसाला किंवा तिकडच्या एखाद्या मामाला: 'अब्बा गेले. त्याला एकदम सांगू नका. पोटभर जेवू घाला, एकटं सोडू नका, शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर चार माणसं बसवून सांगा.' त्यांच्याकडे दफन त्याच दिवशी होतं, मुलासाठी थांबत नाहीत. तेव्हा बातमी दोन दिवस उशिरा गेली म्हणून काही बिघडत नाही. ती एकट्याने ऐकावी लागू नये एवढंच बघायचं. आमच्याकडे उलट. आमच्याकडे माणूस गेला की आधी फोन, कारण मुलगा पोचेपर्यंत सगळे खोळंबतात. पहिल्यांदा असे दोन मेल टाइप करताना मला ते खोटेपण वाटलं होतं. दहा-बारा वेळा केल्यावर वाटलं, आपल्यापेक्षा यांना जास्त कळतं.

या बायकांतच हलीमाखाला, म्हणजे हलीमामावशी, होत्या. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, आवाज मात्र खाडीच्या त्या काठावरून या काठाला ऐकू जाईल असा. त्यांचा मुलगा याकूब कुवेतच्या बंदरात क्रेन चालवायचा. पुढे कॉम्प्युटर वाढले आणि मी त्यांना कॅमेरे बसवले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या आल्या त्या हातात पिशवी घेऊन. पडद्यावर याकूबचा चेहरा उमटला तसा खालांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला अख्खा सरंगा काढला आणि कॅमेऱ्याला नाक लागेल इतक्या जवळ धरला.

"ह्यो बघ! आज आनलाय. तुज्या तिकडं असा मिलतो काय?"

"अम्मी, लांब धर, नुसती शेपटी दिसते."

"शेपटीवरनंच कलतो मासा, तुला काय म्हाईत!"

पाच मिनिटं मायलेक त्या माशावरून भांडले. दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्या कॅफेत दोन दिवस वास.

आता ब्लॉगचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्लॉग म्हणजे स्वतःचं वर्तमानपत्र, ज्याला संपादक नाही, छपाई नाही आणि बऱ्याचदा वाचकही नाही. तुम्ही लिहिता त्याला पोस्ट म्हणायचं. वाचणारा खाली दोन शब्द टाकतो ती कमेंट. आणि पानाच्या तळाला एक आकडा असतो, किती जण येऊन गेले त्याचा. ब्लॉगवाला सकाळी उठून तोंड धुण्याआधी तो आकडा बघतो. दोन-चार ब्लॉगवाले मला माहीत होते, सगळे हेच करायचे आणि कोणी कबूल करायचं नाही.

२००५ साली मी ब्लॉग सुरू केला. तोवर मराठी लिहिलं की समोरच्याकडे तोच फाँट असावा लागायचा. नाहीतर त्याला नुसती चिन्हं दिसायची. मग युनिकोड आलं आणि कुठेही मराठी दिसू लागलं. म्हणजे, दिसायला हवं होतं. माझ्या पहिल्या पोस्टवर आलेली पहिली कमेंट होती: 'Sir mazyakade sagle chaukon disatat. Yakub.' हलीमाखालांचा याकूब. त्याच्या खोलीत एकाने जुना कॉम्प्युटर घेतला होता. तीन आठवडे मी त्याला मेलवरून शिकवत होतो, हे दाब, ते निवड. चौथ्या आठवड्यात त्याने लिहिलं, 'दिसलं.' मराठीत लिहिलं. तो शब्द मी प्रिंट काढून टेबलावर चिकटवला होता.

त्यानंतर तीन वर्षं माझ्या प्रत्येक पोस्टवर पहिली कमेंट याकूबची. मी गुरुवारी संध्याकाळी पोस्ट टाकायचो, कारण शुक्रवारी कुवेतला सुट्टी. काय लिहायचो? गावातलंच. होडीवाल्याचं भांडण, एसटीत विसरलेली फणसाची पाटी, मिरकरवाड्याच्या बंदरात आलेला एखादा अजस्र मासा आणि तो बघायला जमलेली कोर्टातली वकील मंडळी. खेडपासून राजापूरपर्यंतची माणसं वाचायची, मस्कतहून, बाहरीनहून कमेंटी यायच्या. पण लिहिताना माझ्यासमोर असायची ती कुवेतमधली एक खोली. खोलीत आठ जण. त्यातले बरेचसे उर्दू शाळेत शिकलेले, मराठी बोलायचे घरचंच, पण वाचायला अडखळायचे. याकूब मराठी शाळेतला. म्हणून तो शुक्रवारी सकाळी चहा झाला की माझी पोस्ट सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. 'सर, इक्बाल हसून हसून खाटेवरून पडला,' अशा त्याच्या कमेंटी. कुवेतमधल्या एका खोलीत आपलं लेखन वाचलं जातं आणि इक्बाल नावाचा माणूस खाटेवरून पडतो, यापेक्षा लेखकाला आणखी काय हवं असतं? माझी छाती त्या तीन वर्षांत चांगली दोन इंच वाढली.

आणि मग ती साइट आली. नाव सांगत नाही, त्या काळी हातात माऊस धरलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. तिथे आपला फोटो लावायचा, मित्र जोडायचे, एकमेकांच्या पानावर 'काय कसं काय' लिहायचं. माझ्या कॅफेत पूर्वी माणसं नोकरीचे अर्ज भरायला, रिझल्ट बघायला यायची. आता सगळे पडदे एकाच रंगाचे. तिथे गट निघाले, त्यांना कम्युनिटी म्हणायचे. खाडीपलीकडच्या गावांची कम्युनिटी काढली ती तस्नीमने.

तस्नीम हलीमाखालांच्या शेजारची. डी.एड. झालेली, गावच्या शाळेत शिकवायची. टायपिंग माझ्याकडेच शिकली; तिचा करंगळीचा फटका कमी पडायचा म्हणून मी तिला महिनाभर एकच ओळ घोटायला लावली होती. आता ती त्याच बोटांनी रोज दोन ओळी टाकायची. दोनच! सोबत एक फोटो. 'आज भरती मोठी. होडी बंद.' किंवा 'मशिदीमागचा आंबा मोहरलाय. ओळखला का?' फोटो सुद्धा धड नसायचे, निम्म्यात तिचा अंगठा. आणि त्याखाली साठ-साठ, सत्तर-सत्तर जणांचे जबाब. 'ओळखला! ह्यावरून पडून माझा हात मोडला होता.' 'माझा पण!' 'त्या आंब्याखाली माझी सायकल अजून असंल बघ.' माणसं एकमेकांशी बोलत होती, भांडत होती, हसत होती. तस्नीमकडे कोणी बघतही नव्हतं, आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

मी आठवडाभर घाम गाळून दीड हजार शब्द लिहायचो. त्यावर आता तीन कमेंटी यायच्या. मग दोन. मग याकूबची एकच, तीही लहान होत गेली. आधी पाच ओळी असायच्या; मग 'सर, मस्त'; मग नुसतं हसणारं तोंड. एका शुक्रवारी काहीच नाही. मी दुपारपर्यंत वाट बघितली, मग तस्नीमच्या कम्युनिटीवर गेलो. तिथे याकूब होता. होडीच्या फोटोखाली त्याने नऊ वेळा लिहिलं होतं. नऊ वेळा! नवऱ्याची बाहेर कुठे ऊठबस आहे हे कळल्यावर बाईला जे वाटत असेल ते मला वाटलं. सांगायला लाज वाटते, पण मी त्या दिवशी दुपारी जेवलो नाही.

त्या कम्युनिटीत मी खोट्या नावाने शिरलो. 'सागर किनारे' असं नाव घेतलं आणि दीपगृहाचा फोटो लावला. रोज जायचो, जबाब मोजायचो, चुका काढायचो. कधी 'छान. असंच चालू ठेवा.' असं लिहायचो, संशय येऊ नये म्हणून. एकदा तस्नीम कॅफेत आली आणि म्हणाली, "सर, तुमच्या ब्लॉगची लिंक आमच्याकडे टाकू? सगळ्यांना आवडेल."

मी म्हटलं, "तुमच्याकडे बघणारी माणसं आहेत, वाचणारी नाहीत."

"बरं, सर," म्हणाली. आणि तरी टाकली. त्या दिवशी माझा आकडा चाळीसने वाढला, आणि मला तिचा आणखी राग आला. तिने दिलेलं घ्यावं लागलं म्हणून असेल.

पुढे त्या साइटवरूनही माणसं उठून गेली आणि दुसऱ्या साइटवर जाऊन बसली. तस्नीमची कम्युनिटी ओस पडली. तेव्हा मी एक दिवस मनापासून खूश होतो. दुसऱ्या दिवशी कळलं की तस्नीम पण सगळ्यांबरोबर उठून तिकडे गेली आहे आणि तिथेही तिच्या दोन ओळींखाली तशीच गर्दी आहे. माणसं जागा बदलतात तेव्हा ब्लॉगवाला घर सांभाळत मागे राहतो. ती पोरगी चटई घेऊन त्यांच्याबरोबर जायची. पण हे पुढचं झालं. मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

कम्युनिटी भरात होती त्या वर्षी, पाऊस ओसरता ओसरता, एका बुधवारी दुपारी, खाडीपलीकडचा एक ओळखीचा माणूस मुंबईचं तिकीट काढायला कॅफेत आला. बोलता बोलता म्हणाला, "हलीमाखाला गेल्या. सकाली. असरनंतर माती हाय."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, इतका वाईट माणूस मी नाही. पण वाईट वाटण्याच्या पाठोपाठ, म्हणजे तो माणूस जिना उतरेपर्यंत, मी तस्नीमचं पान उघडून बसलो होतो. तिथे काहीच नव्हतं. सकाळचा फोटो केवड्याचा. शेजारच्या घरात मयत आणि हिच्याकडे केवडा! मला वाटलं, बघा, हे असं असतं. दोन ओळींत होडी मावते, माणूस मावत नाही. माणूस गेल्यावर लागतो तो लिहिणाराच. आणि उद्या गुरुवार.

असर म्हणजे दुपार उतरल्यावरची नमाज; तोवर मातीला, म्हणजे दफनाला, जायला वेळ होता. तीनची एसटी होती, पुढे होडी होती. मी गेलो नाही. मी लिहायला बसलो.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मृत्युलेख लिहिणारा नवशिका असला की पहिल्याच ओळीत माणूस गेल्याचं सांगतो. मुरलेला तसं करत नाही. तो आधी माणूस उभा करतो, वाचकाला हसवतो, त्याच्या प्रेमात पाडतो आणि अगदी शेवटी हळूच सांगतो. मी मुरलेला होतो. 'खालांचा सरंगा' असं नाव दिलं. कॅमेऱ्यासमोरचा मासा, मायलेकांचं भांडण, खालांचं होडीवाल्याला दटावणं, त्यांची आख्ख्या एसटीला ऐकू जाणारी खासगी बोलणी, सगळं रंगवून रंगवून लिहिलं. आणि शेवटच्या परिच्छेदात एकच वाक्य: 'काल पहिल्यांदाच खाला आवाज न करता खाडीपलीकडे गेल्या.' त्या वाक्यावर मी दोन तास घालवले. गुरुवारी संध्याकाळी पोस्ट टाकली. आता बघू, म्हटलं, कोण कोणाच्या पानावर जातं ते.

याकूबचं काय, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. ज्याने ते दोन-दोन मेल आपल्या हाताने टाइप केले होते, त्याच्या डोक्यात आला नाही. ही पद्धत मला माहीत नव्हती असं म्हणण्याची सोय नाही. मला याकूब दिसत होता तो फक्त पहिली कमेंट टाकताना.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास तस्नीम जिना चढून आली. शाळा सोडून आली होती. कॅफेत सात-आठ जण होते. तिने कोणाकडे बघितलं नाही.

"सर, ती पोस्ट काढा."

"का? काय चुकलं?"

"याकूबभाईला सांगितलं नव्हतं. अम्मी ॲडमिट आहे एवढंच सांगितलं होतं. जुम्म्यानंतर त्याचे मामू जाणार होते त्याच्या रूमवर, पन्नास मैलांवरून. त्याने सकाळीच वाचलंन. तुमच्याकडे."

मी माऊस हातात घेतला. पोस्ट काढली. काढायला तीन सेकंद लागतात.

"मला कोणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"तुम्ही मातीला आला असतात तर कळलं असतं. मौलानांनी सगळ्यांना सांगितलंन तिथं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि निरोप पण पाठवला होता मी. कम्युनिटीतल्या एकेकाला. याकूबभाईला सोडून सगळ्यांना. तुम्हाला पण."

"मला? माझं तिथं खातंच नाही."

"सर, सागर किनारे तुम्हीच ना? पूर्णविरामानंतर दोन वेळा स्पेसबार दाबणारं माणूस आमच्यात दुसरं कोण आहे? तुम्हीच शिकवलंत."

ती गेल्यावर मी त्या खोट्या नावाने आत गेलो. निरोप होता. बुधवारी दुपारचा. 'हलीमाखालांबद्दल शुक्रवारपर्यंत कोणी एक अक्षर लिहू नका. याकूबभाईला अजून माहीत नाही.' दोन ओळी. मी बुधवारी ते पान उघडलं होतं, केवडा बघितला होता आणि हसून बंद केलं होतं. निरोपांचा कप्पा उघडला नव्हता, कारण सागर किनाऱ्याला कोण निरोप पाठवणार? कम्युनिटीत तीनशेच्या वर माणसं. रोज बडबडणारी. दोन दिवस सगळी गप्प राहिली होती. आणि त्या गप्प बसण्यावर मी टेंभा मिरवला होता.

दुपारनंतर त्यांनी लिहायला सुरुवात केली. तस्नीमने खालांच्या घराच्या ओट्याचा फोटो टाकला, खाली 'हलीमाखाला. बुधवारी सकाळी.' एवढंच. त्याखाली दोनशेच्या वर माणसं. कोणी दुआ लिहिली, कोणी 'त्यांनी मला पोहायला शिकवलं'. वाक्यं मोडकी, अर्धी रोमन लिपीत. मला त्यांच्या दुःखाचाही हेवा वाटला, हे लिहायला नको होतं, पण लिहितो.

मी याकूबला मेल केला. माफी मागितली. उत्तर नाही. गुरुवार येत गेले. मी दोन-तीन पोस्टी टाकल्या, आकडा बघणं सोडून दिलं, म्हणजे दिवसातून एकदाच बघू लागलो. त्याची कमेंट आली नाही. कॅफेत त्या गावच्या बायका येत होत्या, बोलत होत्या, कोणी मला टोचून बोललं नाही. त्याने जास्त त्रास झाला.

अडीच-तीन महिन्यांनी याकूब रजेवर आला. दुपारची वेळ, कॅफे रिकामा. मी त्याला कॅमेऱ्यात इतक्या वेळा बघितलं होतं, पण तो इतका उंच असेल असं वाटलं नव्हतं. मी उठून उभा राहिलो. तो स्टूल ओढून बसला. मी चहा मागवला. मी पुन्हा माफी मागितली.

"राग नाय, सर," तो म्हणाला. "तुमी काय मुद्दाम केलंत असं नाय. पन सांगतो काय झालं तां. तुमाला म्हाईत असावं."

त्याने कप खाली ठेवला.

"गुरवारी आमची डूटी डबल. रात्री येऊन तसाच झोपलो. शुक्रवारी उठलो तेव्हा डोकं जड होतं, अम्मी ॲडमिट हाय म्हणून. म्हटलं, सरांचा वाचूया, जरा बरं वाटंल. बरेच दिवस वाचला नव्हता. उघडला तर अम्मीचंच नाव! मी ओरडलो, अरे उठा, सरांनी अम्मीवर लिवलाय! सगळे उठून बसले. मी मोठ्यानं वाचाया लागलो. सरंगा आला, सगळे हसाया लागले. मी तिच्या आवाजात वाचीत होतो, शेपटीवरनंच कलतो मासा. म्हटलं, अम्मी बरी झाली की तिला फोनवर वाचून दाखवीन. एकटा इक्बाल हसत नव्हता. मामूंनी त्याला एकट्यालाच सांगितलं होतं. तो म्हनाला, ठेव रे, नमाजनंतर वाच. मी म्हटलं, गप, आता तर खरी मजा हाय. तो कॉम्प्युटर बंद कराया उठला, तर मी त्याचा हात धरून ठेवला. एका हातानं त्याला धरलेला आनि वाचत वाचत गेलो खाली."

गल्लीतून एसटी वळल्याचा आवाज आला.

"शेवटचं वाक्य पन मी हसतच वाचलं, सर. मोठ्यानं. कलायला वेल लागला. पयला इक्बालचं तोंड बघितलं, मग कललं."

त्याने मला चहा पिऊन टाकायला सांगितलं, निवतोय म्हणाला. आईबद्दल थोडं बोलला, घराच्या छपराबद्दल बोलला. उठताना खांद्यावर हात ठेवला, जसा एखाद्या वयस्कर माणसाच्या ठेवतात. जिन्यापर्यंत मी त्याच्याबरोबर गेलो. तिथे मला राहवलं नाही. इतकं सगळं ऐकून झाल्यावरही माझ्यातल्या ब्लॉगवाल्याला राहवलं नाही. मी विचारलं, "याकूब, आता वाचतोस की नाही माझं?"

"वाचतो ना," तो म्हणाला. "सोडला नाय. पन आता मी आधी खाली जातो. शेवट बघून घेतो. सगळे जिते हायत ना, बघतो, आनि मग वरनं चालू करतो."

"आणि तस्नीमचं?"

तो दोन पायऱ्या उतरला होता. वळून माझ्याकडे बघून हसला, त्यात वाकडं काही नव्हतं.

"तिचं काय, सर. तिचं वरनंच वाचतो."